बळकट चलन, सैल अंगठा

आपल्या देशाचं चलन बळकट झाल्याचं परिपत्रक आमच्या कार्यालयात पोचलं तेव्हा दुपारचा चहा चालू होता. चलन बळकट झालं आहे, सबब सर्व कर्मचाऱ्यांनी त्याबद्दल अभिमान बाळगावा आणि बाळगल्याचा अहवाल कार्यालय सुटण्यापूर्वी सादर करावा, असा त्यात आदेश होता. आम्ही चहा संपवला आणि अभिमान बाळगायला बसलो. साहेबांनी केबिनचं दार उघडं ठेवून स्वतः बाळगून दाखवला. ज्यांना पहिल्या खेपेस जमलं नाही त्यांना अर्धा तास वाढवून मिळाला.

आमच्या कार्यालयाविषयी थोडं सांगायला हवं. मागच्या वर्षापर्यंत दारावर ‘चलन घसरण समर्थन कक्ष’ अशी पाटी होती. चलन रोज खाली येत होतं आणि ते खाली येणं प्रकृतीला कसं चांगलं, हे जनतेला पटवून देणं हे आमचं काम होतं. चलन स्वस्त झालं की आपला माल बाहेर खपतो, परदेशात राबणाऱ्या आपल्या माणसांनी धाडलेल्या पैशाचे इथे जास्त पैसे होतात, असं आम्ही एका पत्रकात सविस्तर मांडलं होतं. आता वारं फिरलं. पेंटर बोलावून पाटीवर ‘चलन प्रतिष्ठा संवर्धन कक्ष’ असं लिहून घेतलं. पत्रक मात्र तेच ठेवलं. ‘घसरण’ होतं तिथे ‘बळकटी’ घातलं आणि मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असं छापलं. हेडक्लार्क या नात्याने हे काम माझ्याकडे होतं. घाईत एका पानावर ‘बळकटीमुळे आपला माल परदेशात स्वस्त पडतो’ असं वाक्य राहून गेलं. ते पत्रक गावोगाव वाटलं गेलं, सभांतून मोठ्याने वाचलं गेलं, आणि आजतागायत एकाही माणसाने त्यावर हरकत घेतलेली नाही.

हा अभिमान घेऊन मी घरी आलो, तर पायरीवर धाकटी बसलेली.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ परदेशात फरशी बसवायचं काम करतो. आमच्या घराला लागूनच त्या दोघांनी घर बांधायला काढलं आहे. भिंती उभ्या राहिल्या, चौकटी बसल्या आणि पैसे संपले; स्लॅबच्या जागी आभाळ आहे. स्लॅब पडला की परत यायचं, असं धाकट्याने जाताना बायकोला कबूल केलं होतं. त्यामुळे आमच्या घरात स्लॅब हा शब्द सिमेंटचा राहिलेला नाही. धाकटी ‘स्लॅब कधी पडतोय कोण जाणे’ म्हणाली की ती नवऱ्याविषयी बोलते आहे असं सगळे समजतात.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ह्यांनी नेहमीएवढेच पाठवलेत. मी दोनदा विचारलं. मग बँकेत कमी कसे आले?”

“कमी नाही आले,” मी समजुतीच्या स्वरात सांगितलं. “बळकट होऊन आले.”

“बँकेतल्या बाईपण हसून अभिनंदन म्हणाल्या. मला वाटलं, काहीतरी बक्षीस लागलं.”

“बक्षीसच समज. आता आपल्या एका नाण्याला बाहेर केवढा मान आहे, कल्पना आहे तुला?”

“मान आहे ते बरंच आहे हो. पण ठेकेदार मोजून घेतो.”

सामान्य माणसाला अर्थशास्त्र समजावताना हीच अडचण येते. तो प्रत्येक गोष्ट ठेकेदारापर्यंत नेतो. मी तिला सुधारित आवृत्तीची एक प्रत दिली आणि सावकाश वाच म्हणून सांगितलं.

चलनाच्या बळकटीचा लाभ घेणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य असल्याने त्याच आठवड्यात मी आमच्या सौभाग्यवतींना घेऊन कपडे धुण्याचं यंत्र घ्यायला गेलो. परदेशी यंत्र आता स्वस्त झालेलं असणार, हे मी तिला रस्ताभर समजावलं होतं. दुकानदाराने किंमत सांगितली. ती पूर्वीचीच होती.

“अहो, चलन बळकट झालंय ना?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“झालंय की! आम्ही पेढीवर पाटीच लावलीय,” दुकानदार म्हणाला. “पण हा माल जुना. चलन पडलेलं होतं तेव्हा आणलेला.”

“चलन पडलं त्या दिवशी मी इथेच आले होते. सकाळी एक भाव होता, संध्याकाळी दुसरा. तेव्हा माल जुना नव्हता?”

“तेव्हाही माल जुनाच होता, ताई. भीती नवीन होती.”

“मग आता आनंद नवीन नाही?”

“आहे ना. पण आनंदाचा भाव नाही लावत आम्ही. तसा धंदाच नाही आमचा.”

माणूस सभ्य होता. आम्ही जुन्या भावात यंत्र घेतलं, कारण आलोच होतो. नवा माल कधी येणार असं निघताना विचारलं, तर जुना संपला की, असं त्याने सांगितलं. आणि जुना कधी संपणार, तर नवा आला की.

इकडे धाकटीने पत्रक सावकाश वाचून काढलं आणि नवऱ्याला फोन लावला. दोघांचं काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. धाकट्याने संध्याकाळचं आणखी एक काम धरायचं ठरवलं होतं. दिवसा फरशी आणि दिवेलागणीनंतर हातमोजे.

हातमोज्यांचा धागा थेट आमच्या घरापर्यंत येतो. धाकटी इथे हातमोज्यांच्या कारखान्यात अंगठे शिवते. कामगारांचे चामड्याचे जाड मोजे असतात ना, तेच. चार बोटं कुणीही शिवतो, पण अंगठा आडवा निघतो आणि सगळा जोर त्याच्यावर येतो, म्हणून अंगठ्याला वेगळा हात लागतो. तो हात धाकटीला आहे. हे मोजे वर्षानुवर्षं बाहेर जायचे. आता आमचं चलन बळकट झाल्याने तिकडच्या व्यापाऱ्याला ते महाग पडायला लागले. तो हिशेबी माणूस. त्याने आपल्याच गावात एक शेड घेतली, चार मशीनं टाकली आणि शिवणारे शोधायला लागला. धाकटा त्याच गावात राहतो. माझी बायको अंगठे शिवते, असं तो कुठेतरी बोलून गेला, आणि त्यालाच शिवणारा धरून कामावर घेतलं गेलं.

मग आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी वर्ग भरायला लागला. धाकटी फोन डब्याला टेकवून उभा करायची आणि हातात चामड्याचा तुकडा घेऊन बसायची. फोनमध्ये धाकटा, त्याच्याही हातात तुकडा.

“अहो, ओढू नका त्याला. वळेल तसा वळू द्या.”

“वळतच नाहीये. माझ्याकडे बघतोय नुसता.”

“तुम्ही डाव्या हाताने शिवताय.”

“मग मी डावराच आहे. लग्नाआधी सांगितलं होतं.”

पहिला मोजा त्याने हातात घालून दाखवला तेव्हा अंगठा तळहातात दडून बसला होता. धाकटी इतकी हसली की फोन आडवा पडला. धाकटाही हसला. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. कार्यालयात जाऊन मी या प्रकाराची ‘दूरस्थ कौशल्य निर्यात’ या सदराखाली नोंद केली.

थोड्याच दिवसांत धाकट्याचा अंगठा उभा राहिला. किंचित डावीकडे झुकायचा आणि मुळाशी सैल असायचा, पण लांबून मोजाच दिसायचा. स्लॅबची आशा पुन्हा हिरवी झाली.

नेमकं तेव्हाच धाकटीच्या कारखान्याचे हातमोजेवाले शेठ आमच्या कार्यालयात आले. चेहरा उतरलेला. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सुधारित आवृत्ती दिली.

“साहेब, माल जात नाही.”

“का?”

“चलन बळकट झालं.”

“अभिनंदन!”

“तिकडचा व्यापारी म्हणतो, तुमचे मोजे महाग झाले.”

“मोजे महाग झालेले नाहीत,” साहेब शांतपणे म्हणाले. “तो गरीब झाला आहे. त्याला तसं कळवा.”

“कळवलं. त्याने वाचलं आणि स्वतःच शिवायला सुरुवात केली.”

“मग देशात विका.”

“देशात खपतील तेवढे खपतात. एका माणसाला दोनच हात असतात, साहेब.”

साहेब विचारात पडले. पंखा फिरत राहिला. साहेबांना बढती उगाच मिळालेली नाही.

“बळकट चलनाने बाहेरचा माल स्वस्त होतो. बरोबर?”

“बरोबर.”

“तुमच्या धंद्यातला बाहेरचा माल कोणता?”

“मोजे.”

“मग आणा.”

शेठच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. जो व्यापारी त्यांच्याकडून मोजे घ्यायचा, त्याच्याकडूनच त्यांनी मोजे घ्यायचं ठरवलं. कच्चं चामडं नको, मशीनचं तेल नको, वीज नको, पन्नास बायकांचे पगार नकोत. खोकी यायची, शिक्का मारायचा आणि विकायची. आमच्या कक्षाने त्यांना ‘चलन सदुपयोग प्रशस्तिपत्र’ दिलं. त्यावर देशी उद्योगाला चालना दिल्याबद्दल असा मजकूर होता. तो मीच लिहिला.

खोकी आली. शिवणखातं थांबवून तिथली मशीनं कापडाने झाकली गेली. मात्र आलेला माल पारखायला जाणतं माणूस हवं, म्हणून शेठनी धाकटीला तपासनीस नेमलं. माल पास झाला तर शिवणखातं कायमचं बंद करायचं आणि नापास झाला तर पुन्हा विचार करायचा, असं ठरलं. पन्नास बायकांचे डोळे धाकटीकडे लागले.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती हातात एक मोजा घेऊन. बसलीसुद्धा नाही.

“भाऊजी, हा ह्यांनी शिवलाय.”

“कशावरून?”

“टाका बघा ना, कसा डावीकडे झुकलाय. आणि अंगठ्याच्या मुळाशी सैल. तिथे आले की घाई करतात. किती वेळा सांगितलं, तिथे श्वास घ्या, मग ओढा.”

मी मोजा उलटसुलट पाहिला. मला तो सरकारी मान्यतेस पात्र वाटला.

“पास करून टाक,” मी सल्ला दिला. “त्याचं संध्याकाळचं काम टिकेल. पैसे येतील. स्लॅब पडेल.”

“आणि माझं काम?”

“तुझं… तुझं जाईल.”

“माझे पैसे धरूनच स्लॅबचा हिशेब होता. ह्यांचं राखलं तर माझं जातं. माझं राखलं तर ह्यांचं जातं. म्हणजे कसंही केलं तरी तो पडत नाही. मी बरोबर म्हणतेय ना?”

ती बरोबर म्हणत होती. मी सवयीने सुधारित आवृत्ती उघडली, अनुक्रमणिका पाहिली. नवराबायकोचा एकमेकांशी व्यापार सुरू झाल्यास काय करावं, यावर त्यात काहीच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत एक टीप घालायला हवी, असं मी मनाशी ठरवलं. पत्रक मिटून ठेवताना मात्र मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने आलेला सगळा माल नापास केला. शेरा दिला, ‘अंगठा सैल’. नवऱ्याचं काम नापास करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण लेखी आणि सही-शिक्क्यानिशी असा हा पहिलाच प्रसंग होता.

शेठनी शेरा नीट वाचला आणि तिकडच्या व्यापाऱ्याला कळवून मोठी सूट पदरात पाडून घेतली. माल त्यांनी परत पाठवला नाही, कारण परतीचं भाडं बळकट चलनात भरावं लागलं असतं. त्यांनी खोक्यांवर ‘निर्यातीच्या दर्जाचा’ असा शिक्का मारला आणि माल बाजारात सोडला. तो हातोहात खपला. अंगठ्याच्या मुळाशी बोट घालून बघणारं गिऱ्हाईक एकही निघालं नाही. आमच्या सौभाग्यवतींनी झाडांच्या कुंड्यांसाठी एक जोड आणला, अर्थात पूर्वीच्याच भावात, आणि अंगठा पहिल्याच कुंडीत राहिला. खप पाहून शेठना तपासनीसाची गरज वाटेनाशी झाली. शिवणखात्याबरोबर ते पदही बंद झालं. तिकडे व्यापाऱ्याने दिलेली सूट कुणाच्या तरी पगारातून वळती करायची म्हणून डावऱ्या शिवणाऱ्याला काढून टाकलं.

धाकट्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीतच चहा घेत होतो.

“अगं, माझं मोज्यांचं काम गेलं,” तो म्हणाला. “तिकडे कुणी बाई आहे म्हणे. सगळा माल नापास केला तिने.”

“मीच ती.”



“सैल होता?”

“होता.”

“अगदीच?”

“अहो, आरपार बोट जात होतं.”

“मग बरोबर केलंस,” तो म्हणाला. “फरशीचं काम आहे अजून. पण इथलं भाडं, जेवणखाण जाऊन उरतं ते तिकडे पोचेपर्यंत विरून जातं गं. महिनाभर गुडघ्यांवर बसून काय मिळवलं तेच कळत नाही.”

“मग या.”

“स्लॅब?”

“नाही पडला. तरी या. मी कंटाळले आता वर बघून.”

मी चहा तसाच ठेवून आत गेलो. धाकट्याला मी सायकलवर बसवून शाळेत नेलेलं आहे, आणि तो येतोय याचा मला आनंद झाला, आणि कशासाठी येतोय ते आठवून आनंद लगेच ओसरलाही.

कार्यालयात मात्र ही बातमी वेगळ्या नजरेने पाहिली गेली. “तुमचा भाऊ परदेशातून परत येतोय?” साहेब खुर्चीतून उठलेच. “चलनाच्या ओढीने?” मी काही बोलण्याच्या आत त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. बळकट चलनामुळे परदेशी गेलेली माणसं मायदेशी परतू लागली आहेत, आणि पहिला परतणारा खुद्द आमच्याच कक्षाच्या हेडक्लार्कचा सख्खा भाऊ आहे, यापेक्षा चांगला पुरावा कुठून मिळणार? नगर सभागृहात जाहीर सत्काराचा घाट घातला गेला. निमंत्रणपत्रिका छापल्या, खुर्च्या मागवल्या. धाकट्याला काही विचारायचं राहून गेलं.

सत्काराला सभागृह भरून गेलं. शेठ होते, यंत्रवाला दुकानदार होता, बँकेतल्या बाई होत्या. पडद्यावर चलनाची रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून उजव्या कोपऱ्यात छतापर्यंत चढत गेलेली होती आणि तिच्या बरोबर खाली धाकट्याची खुर्ची होती. तो माझा कोट घालून अवघडून बसला होता. गुडघे अजून सरळ होत नव्हते. साहेबांनी भाषण केलं, त्याला पुष्पगुच्छ आणि सुधारित आवृत्तीची चामडी बांधणीतली प्रत दिली, आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला.

धाकटा उठला. त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत धाकटी बसली होती.

“मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. “मला फरशी बसवता येते. कोपरे चांगले जुळवतो. अंगठाही शिवता येतो, पण तो सैल होतो. माझ्या बायकोला उत्तम येतो, तिच्यासारखा कुणाला येत नाही. आम्हा दोघांनाही सध्या काम नाही. घर अर्धं आहे.” त्याने पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला. “तुम्ही सगळे आलात म्हणून विचारतो. कुणाकडे काम आहे का?”

सभागृहात शांतता पसरली. अशा शांततेत काय करायचं ते परिपत्रकात दिलेलं नसतं, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी तो उभाच होता. उत्तराची वाट बघत होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक सद्गृहस्थ उठले. धाकटीने मान वळवून आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही नुकतेच तिकडून आलात म्हणून विचारतो,” ते म्हणाले. “नवा फोन तिकडे आता काय भावाने पडतो हो?”

सभागृहात एकदम जान आली. लोक पुढे सरकून बसले, काहींनी हिशेबाला फोन बाहेर काढले. धाकट्याने भाव सांगितला. तो दुसरं काय करणार?

वाचकहो, त्या गृहस्थांना नावं ठेवू नका. मी तर हाच प्रश्न विमानतळावर, धाकट्याच्या हातातली बॅग घेण्याआधी विचारला होता. आणि तुमचं काय? कुणाकडे काम आहे का, हे तुम्हीही वर वाचलंत, वाचून पुढे सरकलात, आणि फोनच्या भावाचा विषय निघाला तेव्हा तो आकडा मी का लिहिला नाही, असं तुमच्या मनात येऊन गेलं. नाही आलं म्हणता? मग फारच उत्तम. धाकटा उद्या सकाळपासून मोकळाच आहे, आणि धाकटीही. तुमचा पत्ता तेवढा कळवा.